मामांच्या हिरडीचं कलम

झाडांच्या बाबतीत माझ्या बायकोच्या मामांइतका धीराचा आणि बाकी सगळ्या बाबतींत त्यांच्याइतका उतावळा माणूस रायगडच्या किनाऱ्यावर दुसरा सापडणार नाही. काशीदजवळच्या वाडीत ते जन्मभर आंब्याची कलमं बांधत आले. कोवळ्या खुंटाला काडी जोडून वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळली की मामा त्या रोपाला विसरून जातात. ते फुटलं की आपोआप दिसेल, तोवर त्याला त्रास द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. कलमांच्या मांडवाला त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी आहे: ‘बघावे. हात लावू नये. सोडून तर मुळीच बघू नये.’ समुद्रावर आलेल्या एका तरुणाने मागे सहज एका पट्टीचं टोक ओढलं. मामांनी त्याला बाकावर बसवून जखम भरण्याविषयी इतकं ऐकवलं, की त्याचे मित्र पोहून, अंग पुसून, भजी खाऊन परत आले तरी तो तिथेच होता, आणि जाताना दोन कलमं विकत घेऊन गेला. हेच मामा घरात मात्र शिजत्या भातावरचं झाकण तीनदा काढून बघतात. ‘बघू, झाला का?’ असं म्हणत वाफ घालवतात आणि रोज भाताला कणी राहते. मामींनी याविषयी बोलणं केव्हाच सोडलं आहे. गुडघ्यावर खपली धरली तर ती मामांच्या अंगावर दुसरा दिवस बघत नाही.

दात घासणं हेही मामांच्या लेखी जळकी कढई घासण्यासारखंच काम. राखुंडी, मीठ आणि मनगटाचा जोर. त्याचा आवाज शेजारच्या विहिरीपर्यंत जायचा. दात चकचकीत राहिले, पण पुढच्या खालच्या दोन दातांची हिरडी झिजत झिजत इतकी खाली गेली की मुळं उघडी पडली. अलिबागला आमच्या घराजवळ दातांच्या एक तरुण डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे मी मामांना नेलं. त्यांनी सांगितलं, टाळूची थोडी त्वचा काढून हिरडीवर बसवू. ती जगली तर दात राहतील, नाही तर पुढेमागे जातील. मामा खुर्चीत उठून बसले. “म्हणजे कलमच की!”

“हो काका. आणि तुमच्या कलमासारखंच हे हलवायचं नाही. ओठ ओढून बघायचंही नाही.”

“मला सांगतेस, पोरी?” मामा म्हणाले. त्यांचा खरोखर अपमान झाला होता.

दातांसाठी त्यांचा जीव का तुटत होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मागीलदारी एक आंबा आहे. लग्न झालं त्या वर्षी मामांनी बांधलेलं, जगलेलं पहिलं कलम. दर वैशाखात त्याचा पहिला आंबा मामा आणि मामी पायरीवर बसून खातात, आणि मामा कोय पुढच्या दातांनी ओढून पांढरी होईपर्यंत सोडत नाहीत. कापलेल्या फोडी आजाऱ्यांनी खाव्यात, असं त्यांचं मत आहे.

कलम बसवून झालं. हिरडीपेक्षा टाळूच जास्त दुखत होती. “दिलं तिनं, आणि दुखतंयही तिलाच,” मामा म्हणाले. मामींनी गार पेज, ताक आणि मऊ आटवल भाताचा पथ्याचा कारभार चालू केला. त्या बाजूला राखुंडी लावायची नव्हती, त्यामुळे शेजारी चौकशीला आले की मामांच्या दात घासण्याचा आवाज का येत नाही. आणि इथेच घोटाळा झाला. चौकशीला येणाऱ्या प्रत्येकाला मामा खालचा ओठ दोन बोटांत धरून कलम दाखवू लागले. नारळ पाडायला येणारा गडी तर दोनदा बघून गेला. “मामा, परत दाखवा की. आमच्या कारभारणीनं बघितलं न्हाय अजून.” मामांनी तिलाही दाखवलं. तेव्हा मामी उठल्या, मांडवात गेल्या आणि ती पाटी काढून आणून मामांच्या आरामखुर्चीला टांगली. पाटीवरचं अक्षर मामांचंच असल्यामुळे त्यांना वाद घालता येईना.

चारचौघांत दाखवणं थांबलं. मग मामा एकटेच आरशापुढे उभे राहू लागले. एका सकाळी त्यांचा मला फोन आला. “जावईबापू, मेलं.”

“कोण?”

“कलम. पांढरं पडलंय. मेलेली काडी मी ओळखत नाही काय? काढून टाकतो आता, नाहीतर खुंटही सडेल.”

मी त्यांना बोट न लावण्याची शपथ घातली आणि गाडी काढली. त्यांना घेऊन अलिबागला परतताना सगळ्या वाटेत मामा गप्प होते. बोलू नका असं सांगितलेलं असताना जो माणूस खाणाखुणांनीसुद्धा गप्पा मारतो, त्याचं गप्प राहणं मला बरं वाटलं नाही. डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं. मामा छताकडे बघत म्हणाले, “चूक तुझी नाही, पोरी. खुंट जून आहे. जून खुंटावर धरत नाही.” ते सारखे आरशात का बघत होते, ते मला तेव्हा कळलं.

“काका, वरचा पांढरा थर गळून जाणारच आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “खाली रक्त पोचलंय. कडेला गुलाबी दिसतंय. जगलंय तुमचं कलम. आज काढलं असतंत, तर मात्र तुम्ही मारलं असतंत.”

मामांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि घर येईपर्यंत तसेच बसून राहिले.

वैशाखापर्यंत हिरडी गुलाबी होऊन भरली होती. झाड आता म्हातारं झालं आहे, त्या साली त्याला मोजकेच आंबे लागले. डॉक्टरांची परवानगी घेऊन मामांनी पायरीवर बसून पहिली कोय पुढच्या दातांनी ओढली, डोळे मिटून, सावकाश. नारळवाला गडी कुंपणावरून ओरडला, “मामा, दाखवा की!” मामांनी मान हलवली आणि खाणं चालू ठेवलं. कोय पांढरी झाल्यावर धुऊन, मातीच्या पिशवीत घालून ते हात धुवायला आत गेले. चुलीवर भात रटरटत होता. मामा झाकणाकडे नुसते बघत उभे राहिले आणि बाहेर येऊन बसले.

त्या दिवशी भाताला कणी नव्हती. मामींनी पहिला घास घेतला आणि त्या बराच वेळ मामांकडे बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी मी निघायच्या तयारीत होतो, तेव्हा स्वयंपाकघरातून मामींची हाक ऐकू आली, “अहो, जरा झाकण काढून बघता का, भात झाला का ते?”

मामा उठायच्या आधी ‘बघू’ म्हणाले.