अण्णांचे मिसकॉल

वडिलांचा मिसकॉल आला की माझं डोकं फिरायचं. मी अंबडला शाळेत शिकवते, अण्णा कुंभार पिंपळगावला राहतात. त्यांचा फोन एकदा वाजायचा आणि बंद पडायचा. फुकट बोलणं असताना मिसकॉल कसले देतात, म्हणून मी स्टाफरूममध्ये चिडायची. काम असेल तर नीट करतील, असं म्हणून उलटा लावायची नाही. रविवारी मीच फोन करायची, पण वाद नको म्हणून तो विषय काढायची नाही. हळूहळू मिसकॉल थांबले. बरं झालं, असं मला वाटलं.

पोळ्याला गावी गेले. अण्णा ट्रॅक्टरवाल्याला फोन लावत होते. कापरं बोट हिरव्या बटणावर पडलं आणि थरथरून लगेच पुन्हा पडलं. तोवर तिथं लाल बटण आलं होतं. फोन कट.

"ह्यो बी माझा फोन कापायला," अण्णा म्हणाले.

मी फोन घेऊन सेटिंगमधली ॲक्सेसिबिलिटी उघडली. लागोपाठ पडलेला दुसरा स्पर्श धरू नये, अशी सोय तिथं पहिल्या दिवसापासून होती. चालू करायला मिनिटही लागलं नाही.

"आता मला लावा."

बोट दोनदा पडलं, तरी माझा फोन वाजतच राहिला.

"अण्णा, बोट दोनदा लागून फोन तुमच्याकडूनच कट व्हायचा. कुणी कापत नव्हतं."

अण्णांनी फोन खाली ठेवला.

"मंग तू बी कापत न्हवतीस?"