आठवीकडून चौथीकडं जाणारी वाट

राठोड बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी साखऱ्याच्या आमच्या शाळेत फळा पुसत होतो. डस्टर हातातच राहिलं... काही आठवडे उलटले, पण त्यांच्याबद्दल लिहायला बसलो की रडू येण्याआधी अंगात उत्साहच येतो. बाई होत्याच तशा!

तांड्यावरून स्कूटीनं यायच्या, चौथीला शिकवायच्या, पण डोळा सगळ्या इयत्तांवर. कोणत्या इयत्तेत विज्ञानातलं काय यायला हवं, हे खात्यानं ठरवून दिलेलं असतं. आम्ही ते वाचून कपाटात ठेवायचो. बाईंनी त्याचा नकाशाच केला. विज्ञानखोलीच्या भिंतफळ्यावर तिसरीपासून आठवीपर्यंत चौकटी, आणि कोणती गोष्ट कशावर उभी आहे हे दाखवणारे बाण. हेडसरांनी विचारलं, "ह्या नकाशात आपला सेनगाव तालुका कुठं हाय?" सगळ्यांत मोठ्यानं बाईच हसल्या.

एकदा मी आठवीत बर्फाच्या पाण्याचा स्टीलचा गिलास ठेवला. बाहेरून थेंब जमले. कुठून आले? पायल म्हणाली, "गिलास झिरपून राहिला, सर." वर्ग खदाखदा हसला, आणि तेव्हापासून विज्ञानाच्या तासाला तिनं तोंडच मिटलं. एवढं हुशार लेकरू हातचं जातंय, या धास्तीनं मी बाईंना गाठलं.

"काहून हसले? घरी माठ झिरपतोच की. तिनं पाहिलेलं सांगितलं." बाईंचं बोट बाणाबाणानं मागं सरकत गेलं... सहावी... पाचवी... आणि चौथीत थांबलं. 'पाणी वाळतं म्हणजे हवेत जातं.' "इथं अडकलंय, सर. हवेत पाणी असतं हेच पटलं न्हाई, तर ते गिलासावर येईल कसं? आणा आठवीला माझ्या वर्गात!"

आठवीची धिप्पाड पोरं चौथीच्या सतरंजीवर! बाईंनी आधी ओली फरशी वाळू दिली, मग गिलासातल्या पाण्यात लाल रंग कालवून बर्फ टाकला. पायलनं बाहेरचे थेंब पांढऱ्या रुमालानं टिपले आणि ओरडली, "लाल न्हाई! बाई, झिरपला न्हाई गिलास!" मग थांबून, "मंग... हवेतून आलं?" बाईंनी टाळी वाजवली. चौथीची लेकरं उगाचच ओरडली. मीही ओरडलो, खोटं कशाला बोलू!

परवा पायलनं भर वर्गात विचारलं, "सर, हवेतलं पाणी दिसत न्हाई, मंग ढग कसा दिसतो?" मला इतका आनंद झाला की तास तसाच सोडून तिला विज्ञानखोलीत नेलं. नकाशावर या प्रश्नाला चौकटच नव्हती. मी खडू उचलला आणि सवयीनं बोलून गेलो, "बाई, हा कुठून जोडायचा?"

खोलीत आम्ही दोघंच होतो.

"चौथीपासून जोडा, सर," पायल हळूच म्हणाली. "बाई असत्या तर तिथंच नेलं असतं आपल्याला."