गांधीबागेतलं वऱ्हाडी चॅनल

लोकल चॅनलमध्ये काम करणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. माळ्यावरच्या जुन्या डब्यांसारखे ते आपोआप साचतात आणि चार मित्र जमले की धडाधड खाली येतात. मी तिथला कॅमेरामन. शिवाय लाइटमन, फोन उचलणारा आणि वेळ पडली तर चहा करणारा. स्टाफच तेवढा आमचा!

चॅनल भाऊंचं. भाऊ मूळचे केबलवाले. एक दिवस त्यांच्या डोक्यात आलं, बातम्या आपल्या बोलीत का नाहीत? "घरी आपण मले-तुले बोलतो, अन् टीव्ही लावला का पुण्याची पाहुणी आल्यावानी अवघडून बसतो!" मग त्यांनी बातम्या वाचायला सुषमाला आणलं. उमरेडच्या विणकराची मुलगी, एम. ए. झालेली, तोंडाची तेज.

केबलवर, मोबाइलवर बातम्या गाजल्या. फक्त सुषमाच्या बाबांना पटलं नाही. हातमागावर पाठ मोडून त्यांनी पोरीला शिकवलं होतं. "घरचंच बोलाचं होतं तं कॉलेजात काहून धाडलं तुले? मी नाही पाहत ते चॅनल!" सुषमा हे हसत सांगायची, पण तिला लागायचं. बाबांनी एकदा तरी आपल्याला पाहावं, एवढंच तिला हवं होतं.

*

आमचा स्टुडिओ नागपूरच्या गांधीबागेत, कापडाच्या ठोक दुकानाच्या वर. सुषमाच्या मागचा पडदा म्हणजे खालच्या शेठजींनी दिलेला कापडाचा ताका. अट एकच, गिऱ्हाईक आलं की परत!

एकदा ऐन बातम्यांत शेठजींचा माणूस वाकत वाकत आला आणि मागचा निळा पडदा गुंडाळून चालता झाला. मागे उघडी भिंत, अन् भिंतीवर भाऊंचा शर्ट टांगलेला!

सुषमा जराही अडखळली नाही. "ज्याईनं हे निळं कापड घेतलं, त्याईले बधाई. आता पुढची बातमी."

दुसऱ्या दिवशी त्याच कापडासाठी दुकानात गर्दी. तेव्हापासून शेठजी रोज नवा ताका पाठवतात.

*

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. लोक आपली सगळी पीडा मारबतीच्या पुतळ्यासोबत गावाबाहेर पाठवतात. "खासी-खोकला घेऊन जा गे मारबत!" आम्ही ते लाइव्ह दाखवत होतो. आदल्या दिवशी आमची केबल दिवसभर बंद पडली होती. मी कॅमेरा गर्दीकडे वळवला आणि पोरांनी आमचं चॅनल ओळखलं.

"केबलवाल्याले घेऊन जा गे मारबत!"

घरोघरी लाइव्ह! लगेच भाऊंचा फोन. म्हटलं, आता शिव्या खा. भाऊ म्हणाले, "आवाज वाढव गा, नीट ऐकू नाही येऊन राहिला!"

*

उन्हाळ्यात सुषमा तापमान डिग्रीत सांगत नाही. ऊन लागू नये म्हणून आपल्याकडे खिशात कांदा ठेवतात, तर तिचा हिशेब कांद्याचा. "आज एका कांद्याचं ऊन. उद्या दोन ठेवा."

एकदा कामठीहून एकजण फोनवर तापला. "काल तुमी एकच कांदा सांगतला, मी चक्कर येऊन पडलो ना!"

भाऊंनी स्वतः पडद्यावर येऊन माफी मागितली. "अंदाज चुकला. दीड पाहिजे होता."

आम्ही हसून लोळलो. सुषमाने ही गंमत सांगायला घरी फोन लावला. बाबांनी ऐकून घेतलं, "जेवली का तू?" विचारलं आणि फोन ठेवला.

*

मग एक सराफ मोठी जाहिरात द्यायला तयार झाले. पण म्हणाले, बातम्या शुद्ध मराठीत हव्यात. भाऊ सुषमाला म्हणाले, "पोरी, एक दिवस वाचून तं पाहा."

"वाचते ना भाऊ. बाबाले तरी बरं वाटन. उद्या रेकॉर्डिंग नेऊन दाखवीन."

"नमस्कार. आजच्या ठळक घडामोडी." एकही चूक नाही! सराफ समोर बसून मान डोलावत होते. मला मात्र कॅमेऱ्यातून कोणी भलतीच बाई दिसत होती.

बातम्या संपल्या की आम्ही प्रेक्षकांचे फोन घेतो, स्पीकरवर, लाइव्ह. पहिलाच फोन आला. आधी कोणीतरी खाकरलं.

"हॅलो, मी उमरेडहून बोलून राहिलो. ते बातम्यावाली पोरगी आज आजारी-गिजारी आहे का? रोजच्यासारखी नाही बोलून राहिली."

सुषमा खुर्चीतून अर्धी उठली. "बाबा?"

पलीकडे पुन्हा खाकरणं.

"बाबा-गिबा कोणी नाही. मी आपला रोजचा पाहणारा होय!"