पानीराकने निवडलेला हिमनग

ग्रीनलंडमधल्या आमच्या उम्मानाक गावाला सिनेमावाले आले की आधी आमच्या वहिनीचं दार वाजायचं. पानीराक माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ कोळंबीच्या जहाजावर महिनोन्‌महिने बाहेर, त्यामुळे घरची मोटारबोट तीच चालवायची. कॅमेरे, जनरेटर, नटनट्या, जेवणाची पातेली, सगळं खाडीत इकडून तिकडे पोचवायची. मी सोबत असायचे, दोर धरायला आणि कॉफी करायला.

वहिनी भारी बडबडी. "बर्फ दिसला की किंचाळतात गं मेले! घरी फ्रीज नाहीत का यांच्या?" असं त्यांच्यासमोरच आमच्या भाषेत म्हणायची आणि त्यांच्याकडे बघून गोड हसायची.

त्या उन्हाळ्यात येप्पे नावाचा डॅनिश दिग्दर्शक आला. त्याला नायिका हिमनगावर एकटी उभी हवी होती. हिमनग वहिनीनेच शोधला. बुटका, पसरट, एका अंगाला ओट्यासारखी सपाट जागा. समुद्राच्या तळाशी रुतून बसलेला, कितीतरी दिवस जागचा हलला नव्हता.

येप्पेने दोनदा विचारलं, "नक्की ना पानीराक? नाहीतर किनाऱ्यावरच करू. माझा हट्ट नाही."

"अरे, माझी सासू एक वेळ जागची हलेल, हा नाही हलायचा. चल!"

नटीचं नाव सिग्ने. विशीतली पोर. कपड्यांच्या आत तरंगायचा सूट घालून तिला ओट्यावर उतरवलं आणि बोट मागे घेतली. कॅमेरामनने बोटीतूनच चित्रण सुरू केलं.

मग तो आवाज आला. मोठा नव्हता. कुणाच्या तरी पोटात गुरगुरावं तसा, पाण्याखालून. हिमनगाच्या कडेला बुडबुडे फुटायला लागले. अमावास्येची भरती होती; पाणी नेहमीपेक्षा वर चढलं होतं आणि त्याने रुतलेला हिमनग सुटा केला होता. सिग्नेच्या पायाखालचा ओटा हळूहळू वर उचलला जात होता. ती आमच्याकडे बघत होती. तिला वाटलं, आम्हाला हे ठाऊकच असेल.

"वहिनी!" मी ओरडले.

वहिनीचा हात इंजिनाच्या दांड्यावर होता, पण हलेना. बोट पुढेही नाही, मागेही नाही. तिचे ओठ पांढरे पडले होते. क्षणभर मला खात्री झाली की ती बोट मागे वळवणार. खरं सांगते, मलाही तेच हवं होतं.

तिने दांडा पुढे ढकलला.

"पुढे जाऊन पालथी पड! हात बाहेर काढ!" मला म्हणाली. मग सिग्नेला, "उडी मार! बोटीत नको, पाण्यात! मार गं बाई!"

पोरीने उडी मारली. मी तिच्या जाकिटाची टोपी धरली, येप्पेने दंड, आणि आम्ही तिला ओढून घेतलं. वहिनी तोवर बोट मागे घेत होती. समोर तो हिमनग कुशीवर वळला. त्याची खालची बाजू बाहेर आली. हिरवीकाळी, गुळगुळीत, चर्चपेक्षा उंच. तिच्यावरून पाणी ओघळत होतं. मग लाट आली. वहिनीने बोटीचं नाक सरळ लाटेवर धरलं म्हणून उलटलो नाही. कॅमेरा गेला, पेट्या गेल्या, कॅमेरामनचा हात मोडला. माणसं सगळी वाचली.

धक्क्यावर सिग्ने वहिनीच्या गळ्यात पडून रडली. येप्पे म्हणाला, "तुम्ही होतात म्हणून वाचलो."

घरी आल्यावर वहिनी बुटांसकट जमिनीवर बसली. "वाचवलं म्हणतात. तिला तिथे उभी कोणी केली होती?"

कोणी तिला बोल लावला नाही. कोणी रागावलं असतं तर बरं झालं असतं, असं ती म्हणायची. कपडे धुवायचं यंत्र घरघरलं तरी ती दाराबाहेर पळायची. भाऊ सुट्टीवर आला, हसण्यावारी नेऊन तिला मासे धरायला घेऊन गेला, तर अर्ध्या वाटेत बोटीचा कठडा घट्ट धरून ती म्हणाली, "पाया पडते, परत फिरव."

आता बोट मी चालवते. वहिनी सिनेमावाल्यांच्या खोल्या, कपडे आणि जेवण बघते. तिच्या हातचं सीलचं सूप त्यांना आवडतं. बडबड पुष्कळशी परत आलीय. गेल्या वसंतात ती धक्क्यावर आली, एक पाय बोटीत टाकला. बोट जराशी डुलली.

"राहू दे," तिने पाय मागे घेतला. "सूप करपेल."

ती घाईघाईने चढ चढून गेली. मी इंजिन सुरू केलं. माझ्याही तळहातांना घाम आला होता.