टोळांची चरबी तोलणारे अप्पा

माझे वडील, अप्पा, यांना एखाद्याचं म्हणणं पटलं नाही की ते सरळ विचारायचे, "मोजलंत का?" समोरचा नाही म्हणाला की, "मग गप्प बसा." कल्याणच्या इंग्रजी शाळेत ते पदार्थविज्ञान शिकवीत. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. गाव त्यांना विक्षिप्त म्हणे. म्हणो बापडं! त्या गावाबद्दल मलाही थोडं सांगायचं आहे.

टोळधाड आली त्या वर्षी सगळं कल्याण शांतिपाठात गुंतलं होतं आणि अप्पा शहाडला नदीकाठी पोतं घेऊन टोळ पकडत होते. हिवाळ्यात त्या टोळांचे पंख लाल होते. देवीचा कोप म्हणून रंग लाल, असं लोक म्हणायचे. अप्पांना वेगळाच संशय होता. लाल टोळांनी अंगात चरबी साठवली आहे. ती संपून पंख तपकिरी झाले की ते अंडी घालणार. ती वेळ आधी कळली तर जमीन नांगरून अंडी उकरून काढता येतील आणि भात वाचेल, एवढ्यासाठी सगळा खटाटोप चालला होता.

टोळ उन्हात खडखडीत वाळवायचे, कुटून इथर नावाच्या उडून जाणाऱ्या द्रवात भिजवायचे. तो अर्क गाळून वाटीत ठेवला की इथर उडून जाई आणि तळाशी पिवळी चरबी राही. ती सोनाराच्या काट्यावर तोलायची. "नुसत्या डोळ्यांवर विसंबू नकोस गं," मला म्हणायचे, "रंग काय, कुणालाही दिसतो."

एका संध्याकाळी अशीच एक वाटी पडवीच्या कोनाड्यात होती. घरातलं तूप संपलेलं. अप्पांच्या थोरल्या बहिणीला, द्वारकाआत्याला, ती वाटी दिसली आणि तिने तूप समजून ती देवापुढच्या निरांजनात ओतली. आमचे उपाध्याय बाबाशास्त्री तेव्हा माझ्या लग्नाचा मुहूर्त काढायला बसले होते. वात तडतडली, घाण वास सुटला. अप्पा धावत आले आणि ओरडले, "अक्का, अगं ती टोळांची चरबी! अजून तोलायची होती!"

दुसऱ्या कोणी तूप खवट निघालं म्हणून वेळ मारून नेली असती. अप्पांना काळजी तोलायची!

देवळात सभा भरली. प्रायश्चित्त घ्या आणि तो काटा खाडीत टाका, असा निवाडा झाला. अप्पा म्हणाले, "दिव्यात चरबी गेली, त्याचं प्रायश्चित्त घेतो. मोजली, त्याचं घेणार नाही."

आमच्यावर ग्रामण्य पडलं, गावाने घर वाळीत टाकलं. ठाण्याच्या वरपक्षाच्या मंडळींनी माझं ठरलेलं लग्न मोडलं. आत्या दोन दिवस जेवली नाही. मी अकरा वर्षांची होते. न पाहिलेल्या नवऱ्याचं मला काय दुःख? पण मला पाहून बायका पदर सावरून बाजूला व्हायच्या, त्याचा असा संताप यायचा! अजूनही येतो.

पावसाच्या तोंडाला टोळ तपकिरी झाले. वाटीत बोटाला लागेल एवढीही चरबी उरेना. अप्पा घरोघर सांगत फिरले, "अंडी पडताहेत, जमिनी नांगरून घ्या." वाळीत टाकलेल्या माणसाचं कोण ऐकतो? लोकांनी तोंडावर दारं लावली. श्रावणात पिल्लं निघाली आणि शेतंच्या शेतं फस्त झाली.

आश्विनात उरलेल्या भातात दाणा भरत होता, तोवर त्या पिल्लांना पंख फुटले. तेव्हा बाबाशास्त्री आणि गावचे दोन जमीनवाले आमच्या मागील दारी आले. पुढून आले असते तर कुणी पाहिलं असतं ना!

"मास्तर, हे उडून जातील का हो? भात आत्ता कापावं, की थांबावं?"

अप्पांनी दार लावून घ्यावं, असं मला फार वाटलं. पण त्यांनी त्यांना दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं आणि नवे टोळ पकडायला निघाले. मला इतका राग आला, की मी त्यांना पोतंसुद्धा शोधून दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिघे पुन्हा मागूनच आले. अप्पा म्हणाले, "यांच्या अंगात चरबी अजून नावालाच आहे. भरेपर्यंत हे इथेच खात बसणार. हिरवं असलं तरी कापा."

त्यांनी कापलं. अर्धं भात हाती लागलं, ते अप्पांमुळे, हे गावात कुणी उच्चारलं नाही.

अप्पांनी कापा म्हणून सांगितलं, त्या दिवशी आत्याने सवयीने पाण्याचा तांब्या त्या तिघांपुढे ठेवला होता. तिघांनीही हात मागे घेतले. अप्पांनी तांब्या उचलला, स्वतः दोन घोट प्यायले, आणि कुठल्या शेतापासून कापणी धरावी ते शांतपणे सांगू लागले. तो तांब्या मी त्या तिघांच्या डोक्यात घातला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.