दातांआडचा शब्द

इस्त्रीवाल्या काकूंना शब्द बनवायची खोड होती. हसू नका. कुणाला चहाची असते, कुणाला चुगल्यांची, यांना ही. गल्ली काकूंना नावं ठेवायची, आणि ज्याला नावच नाही त्याला काकू नाव ठेवत बसायच्या.

खोड लागली ती कामातूनच. घराची पुढची खोली म्हणजे दुकान. टेबलावर दुहेरी घातलेलं जुनं ब्लँकेट, त्यावर चादर, डाव्या हाताशी पाण्याचा फवारा. आधी कॉलर, मग खांदे, बाह्या, शेवटी पाठ. हात आपोआप चालतात, डोकं मोकळं राहतं, आणि त्या मोकळ्या डोक्यात कधीकधी काहीतरी यायचं. भर दुपारी वाटायचं, मागे कुणीतरी दिवा धरून उभं आहे. वळून पाहावं तर भिंत. भीती नाही वाटायची, उलट डोळे भरून यायचे. काकूंनी त्याला नाव दिलं, पाठउजेड. आणखी एक यायचं. त्यात फवारा, हँगर, दाराची कडी, सगळं झोपेत कूस बदलावी तसं बदलायचं. होतं तेच राहायचं आणि तरी वेगळं व्हायचं. ती असकूस. नाव दिलं की ते ओळखीचं व्हायचं आणि जरा जास्त थांबायचं.

पाठउजेड त्यांनी हौसेने नणंदेला सांगितला. तिच्या पोटात काही राहील तर शपथ! थोड्याच दिवसांत वीज परत आली की गल्लीतली पोरं ओरडू लागली, "आला रे, पाठउजेड आला!" असकुशीचं वाटोळं खुद्द नवऱ्याने केलं. काका सायकलवरून कपडे पोचवायचे आणि बोलण्यात एक नंबरचे टवाळ. "दूध उतू गेलं? असकूस झाली असेल त्याची," असं घरोघरी सांगत फिरले. त्यानंतर ती दोन्ही कधी आली नाहीत. काकूंनी खूप वाट पाहिली. मग त्यांच्या मनाने घेतलं ते घेतलंच: शब्द तोंडाबाहेर पडला की ज्याचा तो शब्द, तेही निघून जातं.

पुढे त्यांची एकुलती एक मुलगी, भिंगरी, तापाने गेली. दिवसभर टेबलाच्या कोपऱ्यावर बसून पाय हलवणारी पोर. काकांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. तेरड्याच्या रंगासारखे तीन दिवस गप्प राहिले आणि पुन्हा त्यांचे विनोद सुरू. काकूंना ते फार लागलं. माणूस आहे की दगड, असं त्या मनात म्हणायच्या आणि शर्टावर इस्त्री दाबायच्या.

एका दुपारी त्यांनी इस्त्री स्टँडवर ठेवली आणि सहज हात टेकला तो त्या कोपऱ्यावर. तिथे इस्त्री कधी फिरत नसे. पण ब्लँकेट गरम होतं. कुणीतरी बराच वेळ बसून आत्ताच उठल्यावर जागा असते तसं. काकूंनी हात काढला नाही. मनातल्या मनात म्हणाल्या, मागऊब. आणि ऊब तिथेच थांबून राहिली.

हा शब्द मात्र त्यांनी दातांआड ठेवला. नणंद खोदून खोदून विचारायची, "वहिनी, हल्ली नवीन काही नाही वाटतं?" "नाही हो वन्सं, डोकं आटलं," असं सांगून काकू कॉलर उलटायच्या. वर्षं गेली. दर थोड्या दिवसांनी कोपरा गरम व्हायचा. काकूंचा संसार त्यावर चालला होता, खोटं कशाला बोला?

मग काकांची छाती बिघडली. सायकल भिंतीला लागली आणि काका मागच्या खोलीत अंथरुणाला. डॉक्टरांनी नणंदेला बाजूला घेऊन जे सांगितलं ते काकूंना तिच्या तोंडावरूनच कळलं.

"अगं, इकडे ये," एका दुपारी काकांनी हाक मारली. आवाजात टवाळी नव्हती. "पायाशी कुणीतरी बसतं. दिसत नाही, पण अंथरूण गरम होतं. तुझ्याकडे सगळ्याला शब्द असतो. याला काय म्हणतात?"

"काही नाही म्हणत. ताप आहे तुम्हाला," त्या म्हणाल्या आणि बाहेर आल्या. कोपऱ्यावर हात ठेवला. थंड. त्यांना मत्सर वाटला, अगदी उघड मत्सर. ज्याने रडायचे कष्ट घेतले नाहीत त्याच्याकडे जाते होय गं? आणि सांगितलं तर? आजवरचा अनुभव होता. सांगितलं की गेली. पोर दुसऱ्यांदा जाईल, आणि या वेळी घालवणारी आपणच असू.

आपल्याला न्यायलाच कुणी येऊन बसतं, या भीतीने काका अर्धे झाले. पाय पोटाशी घेऊन बसायचे, डोळा लागू द्यायचे नाहीत. गोळ्यांनी फरक पडेना. काकू रोज मागच्या खोलीच्या पडद्यापर्यंत जायच्या आणि परत फिरायच्या.

शेवटी एकदा त्या शर्टाची पाठ करत होत्या, तेव्हा आतून आवाज आला. काका भिंतीला चिकटून रडत होते. "येऊ नकोस," हात झाडत म्हणत होते, "जा, जा इथून, येऊ नकोस."

बाप आपल्या लेकीला हाकलत होता आणि त्याला ते माहीतसुद्धा नव्हतं. काकू इस्त्री तशीच पालथी टाकून आत धावल्या.

"मागऊब म्हणतात त्याला," त्या म्हणाल्या. "अहो, भिंगरी आहे ती. इतकी वर्षं माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर येऊन बसते. हाकलू नका तिला."

"मागऊब," काकांनी हळूच म्हणून पाहिलं. मग पाय थोडे बाजूला घेतले, कुणाला जागा करून द्यावी तसे, आणि अंथरुणाची ती बाजू थोपटली. म्हणाले, "एवढी वर्षं तू एकटीच बसलीस होय तिच्याजवळ? मी हसत राहिलो ते तू मोडू नयेस म्हणून. एकदा सांगायचंस गं."

बाहेर गिऱ्हाइकाचा शर्ट जळत होता.

काका गेले ते शांत, पाय एका बाजूला घेऊन. त्या दिवसापासून टेबलाचा कोपरा थंड आहे. अंथरुणाचा पायथाही. काकू दोन्हीकडे हात लावून बघतात. निव्वळ कापड.

नणंद आता रोज येते, घड्या घालायला मदत करते; काकूंनी तिला सगळं सांगितलं आहे. परवा ती म्हणाली, "वहिनी, रागावू नकोस. तू म्हणतेस ना, शब्द बोलला की ते निघून जातं? मग हे जे घर खायला उठतं, याला एक शब्द दे आणि चारचौघांत बोलून टाक. जाऊ दे हेही."

काकूंनी इस्त्री स्टँडवर ठेवली. शब्द त्यांच्याकडे होता. काका गेले त्याच संध्याकाळी सुचला होता, आणि चांगला होता. तो ओठांपर्यंत आला.

"हे गेलं तर वन्सं," काकू म्हणाल्या, "त्या दोघांचं माझ्याजवळ राहील काय?"

आणि त्यांनी पुढचा शर्ट ओढला, फवारा मारला आणि कॉलर उलटली.