अक्का पाइपलाइन चालत जायच्या

अक्का गेल्याचं कळलं तेव्हा मी कोल्हापुरातल्या आमच्या ऑफिसात, मुंबईशी व्हिडिओ कॉन्फरन्सवर बसलो होतो. राज्याच्या पर्यावरणीय आरोग्य आराखड्याचा आढावा चालला होता. जिल्ह्यांचे नंबर एकामागोमाग एक लागत होते आणि आमच्या आधी दोनच उरले होते. टेबलावरचा फोन थरथरला. अक्कांचे यजमान तुकारामदादा यांचा मेसेज होता. 'विमल सकाळी गेली. चारला नेणार.' मी उठायला हवं होतं. उठलो नाही. आमचा नंबर आला, पलीकडून विचारलं गेलं, "पाण्याची पाइप गटारातून जाते अशी गावं किती?" मी समोरच्या कागदावर बघितलं आणि म्हणालो, "निरंक, सर." म्हणजे एकही नाही. नोंद झाली, पुढचा जिल्हा सुरू झाला. या गोष्टीला दीड महिना होऊन गेला, पण तो एक शब्द अजून घशाखाली उतरत नाही. कारण तो रकाना अक्कांचा होता.

विमल कांबळे. गडहिंग्लजकडच्या, तिकडं थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, म्हणून सगळ्यांच्या अक्का. मी जिल्हा आरोग्य विभागात आकडेवारीच्या टेबलावर नवा होतो तेव्हा त्या हातकणंगले तालुक्यातल्या एका गावात आरोग्य सेविका होत्या. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून तेच नळ वापरतात. बुटक्या, झपाझप चालणाऱ्या, आवाज असा की उपकेंद्राच्या दारातून बोलल्या तर पलीकडच्या आळीत ऐकू जावं. महिन्याचा अहवाल द्यायला स्वतः एसटीनं यायच्या. बाकीचे अहवाल शिपायाच्या हाती येत. अक्का मात्र माझ्यासमोर बसून शेवटच्या ओळीवर बोट ठेवायच्या. "परकाश, हा शेरा वाच." शेरा असा होता की, खालच्या आळीतल्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यात गटाराचं पाणी साचतं. मी वाचायचो, मान डोलवायचो. पण माझ्या फॉर्मात शेऱ्याला जागाच नव्हती. नमुना पिण्यास योग्य की अयोग्य, एवढाच रकाना. प्रयोगशाळेचा कागद 'योग्य' म्हणत होता, मी 'योग्य' लिहायचो. सलग काही महिने मी तो शेरा गाळला. मुद्दाम नव्हे... जागा नव्हती म्हणून. पण गाळला मीच.

मग त्या आळीत कावीळ आली. आधी दोन घरं, मग दहा-बारा. त्यात रेखा नावाची सात महिन्यांची गरोदर मुलगी होती, अक्कांनी स्वतः नोंदवलेली, लोहाच्या गोळ्या हातानं खायला घातलेली. गरोदरपणात दूषित पाण्याची ही कावीळ जीव घेते हे अक्कांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी तिला पहिल्याच दिवशी शहरातल्या दवाखान्यात हलवलं, तीन दिवस तिच्या उशाशी बसल्या. चौथ्या दिवशी रेखा गेली, बाळही गेलं.

त्यानंतरच्या आठवड्यात अक्का ऑफिसात आल्या. मला वाटलं आता आवाज चढणार. त्या हळू बोलल्या, आणि तेच मला सोसलं नाही.

"माजा शेरा वर गेलता का न्हाय?"

"नाही अक्का."

"का?"

"फॉर्मात रकाना नाही."

त्या उठल्या. मग म्हणाल्या, "रकाना न्हाय म्हणून गटार थांबतंय व्हय? ऐतवारी ये गावात. चालून बघ की."

मी गेलो. सकाळी पाणी सुटायच्या आधी आम्ही टाकीपासून निघालो. अक्का पुढं, पदर खोचलेला, हातात लांब काठी. पाइप जिथं जिथं जमिनीवर येत होती तिथं त्या थांबायच्या, काठीनं चिखल बाजूला सारायच्या. टाकीजवळचं पाणी स्वच्छ होतं. त्यात जंतू मारणारी टीसीएल पावडर पडत होती आणि नमुना तिथूनच घेतला जात होता. खालच्या आळीत आलो तर व्हॉल्व्हचा खड्डा गटारानं काठोकाठ भरलेला, पाइपचा सांधा त्यात बुडालेला. अक्का म्हणाल्या, "पाणी चालू हाय तवर दाब असतोय, घाण आत जात न्हाय. पाणी बंद झालं की पाइप रिकामी हुतीया. मग ती काय वडून घेती? हेच." मग नळाला पाणी आलं तेव्हा त्यांनी शेवटच्या घरातली पहिली बादली भरू दिली आणि मला वास घ्यायला लावला. मी मागं सरकलो. दारात एक म्हातारा उभा होता. तो म्हणाला, "पावणं, आमी रोज हेच पितोय."

त्या रविवारानं माझी झोप बिघडवली आणि नोकरीची रीतही. ग्रामपंचायतीनं ओरड झाल्यावर तो सांधा वर उचलून घेतला. पण अक्कांचं समाधान झालं नाही. एक सांधा वर आला म्हणून काय, जिल्ह्यात असे किती... निवृत्त होईपर्यंत आणि नंतरही त्या सुट्टीच्या दिवशी गावोगाव जाऊन पाइपलाइन चालत राहिल्या. पुष्कळदा मला बरोबर ओढलं. गुडघे दुखायचे, तुकारामदादा चिडायचे. "माणूस पडल्यावर मोजत्यात," त्या म्हणायच्या, "पडायच्या आधी कोण मोजणार?"

राज्यानं आराखड्यासाठी जिल्ह्यांकडून सूचना मागवल्या तेव्हा मी अक्कांना आमच्या साहेबांपुढं नेलं. उन्हाची लाट, धूर, पाणी, सगळ्याचे तक्ते समोर होते. अक्का साहेबांना म्हणाल्या, "साहेब, एकच लिव्हा. पाइप गटारातनं जाती का न्हाय. डॉक्टर नको ह्याला, दोन पाय पायजेत." साहेब हसले, पण त्यांनी लिहिलं. आणि नवल म्हणजे वर्षभरानं राज्याच्या फॉर्मात तो प्रश्न छापून आला. सगळ्या जिल्ह्यांसाठी. मी कागद घेऊन अक्कांच्या घरी गेलो. त्यांनी चष्मा लावून ती ओळ तीनदा वाचली. पेढे आणायला दादांना पिटाळलं. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

मग फॉर्म भरून यायला लागले. नाही, नाही, नाही. अख्ख्या तालुक्यांचे गठ्ठे, एकाच अक्षरात, एकाच पेनानं.

तोवर अक्कांचं हृदय थकलं होतं. दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा नाकाला नळी होती, तरी पहिला प्रश्न तोच. "किती गावांनी व्हय म्हटलंय?"

खोटं बोलावं असं वाटलं. जमलं नाही. "अजून एकही नाही, अक्का."

त्यांनी डोळे मिटले. "म्हंजी कोण चाललंच न्हाय." मग म्हणाल्या, "तुला म्हाईत हाय की. मग तू काय करणार हाईस?" मी बघतो म्हणालो. ती आमची शेवटची भेट. आणि नऊ दिवसांनी मी 'निरंक' म्हणालो.

अंत्यविधीला पोहोचलो तेव्हा उशीर झाला होता. मागं उभा राहिलो. पुढच्या सोमवारी सगळे गठ्ठे तालुक्यांना परत पाठवले. वर लिहिलं, चालून पाहिल्याची तारीख व चालणाऱ्याचं नाव टाकावं. फोन आले, शिव्याही आल्या. एका तालुक्याच्या अधिकाऱ्यानं विचारलं, हा आदेश कुणाचा? मी माझं नाव सांगितलं. गेल्या आठवड्यात पहिले चार फॉर्म परत आले, 'होय' लिहिलेले. चार गावांत गटार पाण्यात जातंय ही आनंदाची बातमी नव्हे, हे मला कळतं. तरी ते कागद मी पुन्हा पुन्हा काढून बघतो. मुंबईला तो 'निरंक' दुरुस्त करायचं पत्र गेलंय. उत्तर आलेलं नाही.

परवा सकाळी दादांकडं गेलो. नळाला नुकतं पाणी आलं होतं. दादांनी पहिला तांब्या भरला, नाकाशी धरला, वास घेतला. मग माझ्याकडं बघून जरा ओशाळले. "चाळीस वर्सं ती करायची. आमी हसायचो तिला," म्हणाले. "आता केल्याबिगर घोट जात न्हाय." त्यांनी पेल्यात पाणी ओतून माझ्यापुढं धरलं. मीही आधी वास घेतला, मग प्यायलो.